डाव्या पायाला सुट्टी

दुबईहून आलेल्या माणसाला आमच्या गावात पहिल्यांदा सोन्याचा भाव विचारतात. मग विचारतात, काय आणलंत? मी गाडी आणायला गेले होते असं सांगितलं की लोक हसायचे, आणि हसून झाल्यावर त्यांची नजर माझ्या पायाकडे जायची. विषय तिथेच बदलायचा.

तेव्हा पायाचं आधी सांगून टाकते. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय मांडीपासून खाली कॅलिपरमध्ये असतो. चामडं आणि लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी एक कुलूप. उभं राहायचं तेव्हा कुलूप लावायचं, बसायचं तेव्हा सोडायचं. मी तासगावच्या एका शाळेत गणित शिकवते. आई आणि वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेल्यापासून एकटी राहते, आणि माझं कुठलंही जाणं-येणं दुसऱ्या कुणाच्या तरी सवडीवर असायचं. रिक्षावाला बबन चांगला आहे, वेळेवर येतो. पण सत्तेचाळीस वर्षांत एकदाही मला वाटलं म्हणून मी उठले आणि गावाबाहेर गेले, असं झालेलं नव्हतं. मागे जोडचाकांची स्कूटर घ्यायचं मी काढलं, तर घरात असा काही दंगा झाला की जणू मी सर्कशीत जायचं म्हणाले होते.

माझा धाकटा भाऊ प्रकाश शारजात राहतो. म्हणजे तेव्हा राहत होता. दुबईत एका बांधकाम कंपनीत हिशेब सांभाळायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि त्यानं कायमचं परत यायचं ठरवलं होतं. कायमचं परत येणाऱ्याला एक गाडी आणता येते. फक्त ती तिकडे निदान वर्षभर त्याच्या नावावर आणि वापरात असावी लागते. प्रकाशनं फोनवर सांगितलं, "ताई, तुझ्यासाठी गाडी घेतोय. तू ये आणि बघून जा." मी विचारलं, "तिकडच्या गाड्यांना क्लच नसतो म्हणतात, खरं का?" तो म्हणाला, "बहुतेकांना नसतो. ऑटोमॅटिक." त्या वाक्यानंतर मी पासपोर्टच्या मागे लागले. क्लच डाव्या पायाचा असतो. क्लच नाही, तर डावा पाय लागत नाही. गणिताच्या बाईला यापुढे काही समजावून सांगायला नको.

अल नहदा

शारजा आणि दुबई यांची हद्द कुठे संपते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रकाशचं घर अगदी त्या हद्दीवर, अल नहदात, सातव्या मजल्यावर. खिडकीतून बघितलं की अर्धवट बांधलेले मनोरे, मधे मोकळी वाळू, आणि सकाळी सहापासून दुबईकडे सरकणारी गाड्यांची रांग. जानेवारी असल्यामुळे हवा आपल्या कार्तिकातल्यासारखी होती. उकाड्याच्या गोष्टी ऐकून मी सुती साड्या भरून नेल्या होत्या, आणि वैशालीची, म्हणजे भावजयीची, शाल पांघरून फिरत होते.

वैशाली मोठी गोड बाई आहे. सोळा वर्षं तिथे राहूनही तिचा जीव रुपयातच अडकलेला. किराणा दुकानात मेथीची जुडी हातात घेऊन म्हणायची, "दोन दिर्हम! म्हणजे वीस रुपये, ताई! वीस रुपयांची मेथी!" आणि घ्यायची. तिची मुलगी सई अकरा वर्षांची. आईनं मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ द्यायची. मी तिला म्हटलं, "आता तासगावला आलीस की द्राक्षाच्या बागेत नेईन तुला." ती म्हणाली, "बट हू विल टेक अस, आत्या?" पोरीचा प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "मी नेईन. मी गाडी चालवणार आहे." तिनं बापाकडे बघितलं. बाप आमटी भुरकत होता.

जेवण झाल्यावर बाप बोलला. "ताई, गाडी तुझीच गं. पण चालवायची म्हणजे... आपण ड्रायव्हर ठेवू. चांगला, वयस्कर माणूस बघू. तू मागे आरामात बसायचं."

"मी आरामात बसून कंटाळले आहे, प्रकाश."

"तिकडचे रोड तुला माहीत नाहीत का? इथं लेन असते, डिसिप्लिन असते. तिथं म्हशी, ट्रॅक्टर, कुणी पण मधे येतं. लेट्स बी प्रॅक्टिकल."

मी भांडले नाही. पाहुणी म्हणून आलेल्या घरात पहिल्याच दिवशी भांडण कशाला, असा विचार केला. मनातून मात्र मी चांगलीच तापले होते. एवढ्या लांबून मी काय मागच्या सीटचं कापड बघायला आले होते?

रास अल खोर

जुन्या गाड्यांचा बाजार रास अल खोरला. गुदामं, वर्कशॉप, पत्र्याच्या शेड, आणि मधे मोठाल्या अंगणांतून शेकड्यांनी उभ्या गाड्या, काचांवर पांढऱ्या रंगात आकडे लिहिलेल्या. आपल्याकडे बैलबाजारात दात बघतात, तिथे टायर बघतात. जो तो टायरला एक लाथ घालून पुढे जात होता. लाथ घातल्यावर काय कळतं, ते मी चार जणांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

आमच्याबरोबर प्रकाशचे मित्र खेडेकर होते. मूळचे खेडचे, वीस वर्षं दुबईच्या साइटवर, आता सुपरवायझर. गाडी घ्यायची म्हणजे एक जाणता माणूस सोबत न्यायचा, हा आपला रिवाज, तो तिथेही चालू. खेडेकरांची गाडीची परीक्षा एकच होती. ते दार उघडून आत डोकावायचे आणि म्हणायचे, "किती माणसं बसतील?" पाच म्हटलं की नाक मुरडायचे.

"ताई, मुलुखात गाडी गेली की ती एकट्याची राहते का? लग्न आहे, मयत आहे, गणपती आहे. माझ्या भावानं नेली ना गाडी, चौदा माणसं घालून गुहागरला गेला होता."

दुपारपर्यंत त्यांना मनासारखी सापडली. सात माणसांची, उंच, काळी, मोठ्या चाकांची. गाडी कसली, ते एक घरच होतं. विकणारा पेशावरचा पठाण होता, मोठा रुबाबदार. त्यानं आम्हाला चहा पाजला, दाट दुधाचा, वेलदोड्याचा, कागदी पेल्यात. प्रकाशनं गाडी चालवून बघितली. खेडेकरांनी चालवून बघितली. दोघांनी मागे बसून बघितलं, पाय लांब करून बघितले. पठाण म्हणाला, "दिल खुश हो जाएगा बहेनजी का." सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. प्रकाशनं हात पुढे केला, पठाणानं तो दोन्ही हातांनी धरला, खेडेकर म्हणाले, "खलास! जमलं!"

मी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "मी बसून बघते."

खेडेकरांनी लगबगीनं मागचं दार उघडलं.

"ते नाही. पुढचं. स्टिअरिंगच्या चाकामागचं."

तिकडच्या गाड्यांचं चाक डावीकडे असतं. मी काठी टेकत डाव्या बाजूच्या दाराशी गेले. गाडीत बसायची माझी एक रीत आहे. आधी पाठमोरी होऊन सीटवर टेकायचं, मग कुलूप सोडायचं आणि मग हातांनी पाय उचलून आत घ्यायचा. इथे सीट माझ्या कमरेच्या वर होती. टेकणार कशी? मी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा काठी सटकली आणि मी गाडीच्या पायरीवर बसकण मारली. लागलं काही नाही. पण प्रकाश धावत आला, मला काखेत धरून उचलायला लागला, "तुला सांगतोय ना, कशाला पाहिजे हे सगळं," असं काहीसं पुटपुटत.

"सोड," मी म्हटलं. "माझी मी उठते."

उठले. मग सगळ्यांसमोर, पठाणासमोरसुद्धा, बोलले. "तुम्ही सगळ्यांनी गाडी चालवून बघितलीत. गाडी कुणाची म्हणता? माझी. मला कुणी म्हटलं का, ताई, तुम्ही बघा? सात माणसं बसवून मी कुठे जाऊ? मला एक माणूस बसायला जागा पाहिजे, आणि तो माणूस मी आहे."

पठाणाला मराठी येत नव्हती, तरी त्याला सगळं समजलं. हात मिळवून सौदा ठरला होता, तरी त्यानं स्वतःहून दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "कोई बात नहीं, भाईसाब. बहेनजी की पसंद पहले." बिचाऱ्याचा सौदा गेला, पण चहाचा दुसरा पेला त्यानं मलाच आधी दिला. खेडेकर घरापाशी उतरताना म्हणाले, "ताई, माझं चुकलं. पण ती गाडी काय हो होती!"

अल कुसैस

शुक्रवारी दुपारी प्रकाशनं पेपरातल्या छोट्या जाहिरातींतून एक नंबर शोधून काढला. पाच माणसांची साधी जपानी गाडी, ऑटोमॅटिक, घरच्या वापरातली. पत्ता अल कुसैसचा, आमच्यापासून पलीकडच्या अंगाला. तो अजून घुश्श्यात होता, मीही होते, तरी आम्ही दोघंच निघालो. वैशाली सईला घेऊन एका वाढदिवसाला गेली होती.

पत्ता एका अरबी घराचा निघाला. बसकं, पांढरं, उंच कुंपणभिंतीचं. दारात लिंबाचं झाड. प्रकाश सोळा वर्षं त्या देशात राहिला, पण स्थानिक माणसाच्या घरात तो आजवर कधी गेलेला नव्हता. ऑफिसात मालक असतो, त्याला सलाम करायचा, संपलं. त्यामुळे फाटक उघडल्यावर तो माझ्याइतकाच नवखा होता.

फाटक उघडलं राशिदनं. पंचविशीचा, पांढऱ्या झग्यातला, अतिशय अदबीचा मुलगा. गाडी त्याच्या आईची. आईला तिथे थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात, म्हणून ती उम्म राशिद. आपल्याकडे 'बाळूची आई' म्हणतात तसंच. राशिदनं प्रकाशला डावीकडच्या पुरुषांच्या बैठकीत नेलं, आणि मला आतून एक मोलकरीण येऊन बायकांच्या बाजूला घेऊन गेली. परका पुरुष बायकांत बसत नाही, ही त्या घराची रीत. प्रकाश मागे वळून म्हणाला, "ताई, तू एकटी..." आणि दार लागलं. मला पहिल्यांदाच कुणाच्या तरी रीतीचा इतका आनंद झाला.

उम्म राशिद पन्नाशीच्या पुढची. अंगावर काळा पायघोळ अबाया, आणि नाका-भुवयांवर जुन्या पद्धतीचा तो सोनेरी चकाकीचा बुरखा, ज्यातून फक्त डोळे आणि हनुवटी दिसते. मी अवघडून गालिच्याकडे बघितलं. खाली बसायचं म्हणजे माझी पंचाईत. तिनं लगेच खुर्ची मागवली आणि हिंदीत म्हणाली, "इधर बैठो. आराम से." तिची हिंदी मुंबईची निघाली. तिचे वडील गलबतातून खजूर घेऊन मुंबईला यायचे आणि लहानपणी आजारी पडल्यावर तिला तिथल्या दवाखान्यात ठेवलं होतं. "बंबई में मैं बच्ची था," ती म्हणाली. "बहुत बारिश. बहुत केला."

खजूर आले, आणि केशराच्या वासाची, कडसर, पिवळट कॉफी, बिनकानाच्या इवल्या कपात. कप संपला की ती भरायची. मी आपली पितेय. आपल्याकडे नको असलं की ताटावर हात आडवा धरतात. मी कपावर हात धरला, तर ती हसली आणि माझ्या हातातला कप धरून तिनं दोनदा हलवला. नको असलं की कप हलवायचा. नाहीतर यजमानानं भरतच राहायचं.

मग तिनं विचारलं, "गाड़ी किसके लिए?"

"मेरे लिए."

"चलाएगा कौन? वो भाई?"

"मैं."

तिनं माझ्या पायाकडे बघितलं. लोक बघतात आणि नजर चोरतात. तिनं चोरली नाही. वाकून साडीच्या काठाखालच्या लोखंडावर बोटाचं पेर टकटक वाजवलं.

"ये पैर? बायाँ?"

"हाँ."

"मेरा गाड़ी में इस पैर का काम नहीं. इसका छुट्टी. खलास." आणि उठून किल्ली घेतली. "यल्ला, आओ."

मागच्या अंगणातून आम्ही निघालो. चाक तिच्याकडे. गाडी मोतिया रंगाची, बुटकी, टेकायला अगदी बेताची. घरापासून थोड्या अंतरावर इमारतींच्या मागे दाबून बसलेल्या वाळूचं मोठं मैदान होतं. शुक्रवारची सुट्टी, म्हणून एका कडेला कामगारांचं क्रिकेट चाललेलं. दुसऱ्या कडेला तिनं गाडी थांबवली, उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि दार उघडून उभी राहिली.

मी चाकामागे टेकले. कुलूप सोडलं. पाय आत घेतला. तो दाराच्या बाजूला कोपऱ्यात निवांत पडून राहिला. तिनं उजव्या पायाकडे बोट करून एवढंच सांगितलं, "ये रुकता है, ये जाता है." मी थांबायच्या पट्टीवर पाय दाबून धरला, तिनं मधला दांडा मागे ओढला. मी पाय नुसता उचलला. बाकी काहीही केलं नाही. आणि गाडी आपण होऊन हळूहळू चालायला लागली.

मला रडू आलं. त्यात लाजायचं काय? जन्मभर मी माझं वजन ओढत आलेय. एक पाऊल टाकायचं तर खांदा, कंबर, काठी, सगळ्यांची कवायत. आणि इथे नुसता पाय उचलला तर एवढं धूड मला घेऊन निघालं होतं. उम्म राशिदनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "रो मत, आगे देखो."

पुढे बघण्यात मला उशीर झाला. मैदानाची कड मऊ वाळूची होती, आणि मी सरळ त्यात गेले. चाकं गरगर फिरायला लागली, वाळू उडाली, गाडी बसली. क्रिकेट थांबलं. दहा-पंधरा जण धावत आले. पठाण, मल्याळी, आणि एक जण, माझी साडी बघून, "तुम्ही मराठी का हो?" म्हणणारा. तो गुहागरचा होता. मी तासगावची म्हटल्यावर, "द्राक्षांचं तासगाव?" असं ओरडून त्यानं सगळ्यांना हिंदीत सांगितलं की ही आपली बाई आहे, जोर लावा. त्यांनी जोर लावला. मी पुढे बघून हलकेच पाय दाबला, आणि गाडी बाहेर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उम्म राशिद म्हणाली, "अच्छा हुआ. अब एक बार और." मैदानात मी आणखी किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही.

परत आलो तर बैठकीच्या दारात प्रकाश. डोळे वटारलेले, हात थरथरत. मला वाटलं काळजीनं. तसं नव्हतं. त्याला कप हलवायचं माहीत नव्हतं. आम्ही गेल्यापासून राशिद कॉफी भरतोय आणि हा मान राखायचा म्हणून पितोय. उम्म राशिद दारामागूनच त्याला म्हणाली, "तुम्हारा बहन अच्छा चलाता है."

"चालवली?" प्रकाशनं मला विचारलं. "ताई, तू चालवलीस?"

"चालवली. वाळूत रुतवली. काढली."

किमतीचं बोलणं झालं, ते फार लांबलं नाही. शेवटी ती दाराआडून म्हणाली, "एक साल भाई चलाएगा. ठीक. फिर ये चलाएगा. बोलो इन्शाल्ला."

प्रकाश म्हणाला, "इन्शाल्ला." त्याच्या ऑफिसात रोज शंभर कामं इन्शाल्लावर अडून असतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी फार भरवसा ठेवला नाही.

खोरफक्कान

गाडी नावावर झाल्यावर प्रकाश आम्हाला खोरफक्कानला घेऊन गेला. देशाच्या पूर्वेच्या समुद्राकडे. आधी सपाट वाळू, कडेला भटके उंट, आणि मग अचानक डोंगर. आपल्या सह्याद्रीसारखे नाहीत, एक पान नाही. भाजून ठेवलेल्या गुळाच्या ढेपांसारखे. पण पलीकडे उतरलं की निळा समुद्र आणि खजुरीची हिरवी पट्टी. किनाऱ्यावर आम्ही भाजलेला मासा खाल्ला, रोटी आणि लिंबाबरोबर. वैशालीनं त्याचे रुपये केले आणि मग मनापासून खाल्ला.

वैशाली आणि सई पाण्यात गेल्यावर प्रकाश माझ्याजवळ येऊन बसला. वाळूत रेघा ओढत म्हणाला, "मी सहावीत होतो. तुला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचो. पुलावर तू पडलीस, आठवतं?"

"आठवतं. कोपर फुटलं होतं."

"अण्णांनी मला त्या दिवशी जे मारलं ना ताई... तुझं कोपर बरं झालं. माझ्या डोक्यात तू अजून पडतेयस. रोज. तू काठी टेकून चाललीस की मी बघत असतो, आता पडेल, आता पडेल."

मला एकदम त्याची दया आली. एवढा मोठा माणूस, कानशिलावर पांढरे केस, आणि आत ते सहावीतलं पोर तसंच उभं. मी म्हटलं, "अरे, मी पडतेच. घरात पडते, शाळेत पडते. फळ्यापाशी पडले तर मुलांना पाढे म्हणायला लावते आणि तेवढ्यात उठते. तू मला पडू नये म्हणून जपतोस. पण मला उठता येतं, ते तू कधी बघितलंच नाहीस."

तो माझ्या हातावर हात ठेवून बसला.

मुंबई ते तासगाव

सव्वा वर्षानं तो आला. वैशाली आणि सई विमानानं पुढे आल्या आणि गाडी बोटीनं. मी मुंबईला गेले होते. गोदीतून गाडी सुटायला दिवस लागले. इकडून तिकडे, त्या टेबलावरून या टेबलावर. तपासायला आलेल्या साहेबांना वाटलं होतं, दुबईहून येतेय म्हणजे काहीतरी भारी असणार. मोतिया रंगाची साधी गाडी बघून ते म्हणाले, "एवढ्या लांबून हीच का आणलीत?" प्रकाश म्हणाला, "क्लच नाही हिला." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागदावर शिक्का मारला. बॅटरी मेलेली होती, एक आरसा वाटेत कुठेतरी राहिला होता. बाकी शाबूत.

पुण्याच्या पुढे खरी गंमत सुरू झाली. गाडीचं चाक डावीकडे. आपले रस्ते दुपदरी, पुढे ट्रक. ट्रकला मागे टाकायचं तर समोरून काय येतंय ते उजवीकडून दिसतं, आणि उजवीकडे बसले होते मी. प्रकाशला पुढच्या ट्रकची मागची फळी आणि तिच्यावरची रंगीत कमळं, एवढंच दिसत होतं. एकदा त्यानं अंदाजानं गाडी बाहेर काढली आणि समोर एसटी. कसाबसा आत आला. कपाळावर घाम.

"प्रकाश," मी म्हटलं, "तुला दिसत नाही. मला दिसतंय. मी सांगेन तेव्हा जा."

खंबाटकीच्या घाटात, साताऱ्याला, कऱ्हाडला, तो माझ्या शब्दावर गाडी हाकत होता. "थांब... थांब... ट्रॅक्टर आहे... आता. जा!" आणि तो जायचा. डोळे झाकून म्हणतात तसा. वैशाली मागे सईला धरून देवाचं नाव घेत होती. सुरुवातीला मी "जा" म्हटल्यावर तो क्षणभर घुटमळायचा. कऱ्हाडपर्यंत ते थांबलं. कऱ्हाडच्या पुढे तो माझ्याकडे न बघताच विचारायला लागला, "हं, ताई?"

विट्याजवळ चहाला थांबलो तेव्हा तो आपणहून म्हणाला, "ड्रायव्हरचं राहू दे. तुला लायसनचं कुणाला भेटायचं ते बघू."

लायसनच्या चाचणीला तो पुण्याहून मुद्दाम आला. त्याचं बिऱ्हाड आता तिथे होतं; गाडी त्याच्या नावावर, पण माझ्या दारात. मैदानात इन्स्पेक्टरसाहेबांनी माझं कॅलिपर बघितलं, डावीकडचं चाक बघितलं, आणि मग प्रकाशला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यांना जमंल का हो?"

प्रकाश म्हणाला, "मला काय विचारताय साहेब? गाडी त्या चालवणार. त्यांना विचारा." आणि तो लांब, कुंपणापाशी, पाठ करून जाऊन उभा राहिला. मी आठचा आकडा काढला, गाडी मागे घेतली, चढावर थांबवून दाखवली. सगळं होईपर्यंत तो वळला नाही.

मणेराजुरीचा रस्ता

पहिल्यांदा एकटी गेले तो रविवार होता. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. गाव संपलं, द्राक्षाच्या बागा लागल्या, आणि मी पन्नास वर्षांची व्हायच्या आत पहिल्यांदा गावाबाहेर एकटी होते. पुढे उसानं भरलेला एक ट्रॅक्टर डुलत चालला होता. उजवीकडची सीट रिकामी. पुढचं सांगायला कुणी नाही. म्हणून मी त्याच्या मागे मागे, त्याच्याच चालीनं जात राहिले. घाई कुणाला होती? मग एका बांधापाशी जागा दिसली तिथे गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बागेत माणसं काम करत होती. लांब कुठे तरी पंप चालू होता. मी काच खाली करून नुसती बसले.

थोड्या वेळानं एक म्हातारेबुवा सायकल ढकलत आले. उजवीकडच्या खिडकीतून आत वाकून बघितलं. तिथे कुणीच नाही. मग पलीकडे बसलेली मी दिसले.

"काय हो बाई, ड्रायवर कुठं गेला?"

"मीच ड्रायव्हर."

त्यांनी चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यात त्यांना काही विशेष वाटलं असं दिसलं नाही.

"मग जरा फुडं घ्या की. मागनं उसाच्या बैलगाड्या याला लागल्यात."

मी पुढे घेतली.